मनगटावरचं पाणी

जोहराबीला बोलावणं यायचं ते दबक्या आवाजात. कुणीतरी बाप्या दाराशी येऊन उभा राहायचा, इकडंतिकडं बघायचा आणि म्हणायचा, “खाला, चलता का जरा?” कोण गेली, कशानं गेली, हे ती विचारायची नाही. खुंटीवरची पिशवी उचलायची आणि त्याच्या मागं निघायची. पिशवीत कापूर, कापूस, बोरीचा वाळलेला पाला आणि हाताला गुंडाळायची फडकी. घरात बाईमाणसाची मय्यत झाली की तिला आखरीची आंघोळ घालायची, गुसल द्यायचं, हे तिचं काम. सासूच्या हाताखाली शिकलेलं.

असल्या बाईला गल्ली मान देते आणि जरा अंतर ठेवूनही बसते. तिच्या हातचा चहा घेताना एखादी नवी सून कपात वाकून बघायची. जोहराबी म्हणायची, “पी गं, कापूर टाकला न्हाई त्यात.”

कामाची तिची रीत पक्की होती. पाणी कोमट, ना गार ना कढत. अंगावर चादर तशीच ठेवायची आणि तिच्याखालून हात फिरवायचा. मेलं म्हणून माणसाची लाज जात नसते. आधी उजवी बाजू, मग डावी. हे सगळं सासूचं. पण एक गोष्ट तिची स्वतःची होती. पहिला तांब्या ओतायच्या आधी ती मय्यतीच्या कानाशी वाकायची आणि विचारायची, “बाई, हायेस का? असशील तर आत्ताच सांग.” जरा थांबायची. मग पाणी.

हे कुठल्या किताबात नाही. ते तिला भूकंपानं शिकवलं.

तेव्हा ती निलंग्याला होती. नवरा चांदपाशा शिलाईचं काम करायचा. गणपती बुडवून लोक झोपलेले आणि पहाटे जमीन हलली. निलंग्यात भिंतींना भेगा पडल्या, पण किल्लारीकडची गावं भुईसपाट झाली. दुसऱ्या दिवशी एक ट्रक आला. मय्यती धुवायला बाया पाहिजेत म्हणाले. सासूची बोटं वातानं वाकडी झाली होती. ती म्हणाली, मी सांगते, ही करील. तशी जोहरा पहिल्यांदा त्या कामाला लागली.

गावाचं नाव सांगण्यात अर्थ नव्हता, गाव राहिलंच नव्हतं. शाळेच्या पटांगणात ताडपत्रीवर बाया निजवलेल्या. वरनं पाऊस झिमझिमत होता. चूल पेटायचं नाव घेत नव्हती, म्हणून पाणी गारच घेतलं. सासू म्हणाली, अल्लाला दिसून राहिलंय, घाल तसंच. कोण कुणाची ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच मातीची. मशिदीमागच्या बोळातून जी निघाली ती मुसलमानांच्या रांगेत ठेवायची, एवढाच हिशेब.

रांगेतल्या एका बाईचा उजवा हात जोहरानं उचलला आणि मनगटावर पाणी ओतलं. हात मागं गेला.

तिला वाटलं, आपल्याच हातून सुटला. पुन्हा धरला, पुन्हा ओतलं. तेव्हा त्या बाईनं तोंडातली माती जिभेनं बाहेर ढकलली आणि म्हणाली, “पाणी लई गार हाय गं.”

ती केवळाबाई. शेतकऱ्याच्या घरातली, मशिदीच्या भिंतीला भिंत लागून घर असलेली. भिंत बोळात पडली तशी तीही बोळात पडली आणि रांग चुकली.

केवळाबाई जगली. सरकारनं वसवलेल्या नव्या गावात राहायला गेली. पण गावानं तिला ‘धुतलेली’ हे नाव ठेवलं ते ठेवलंच. एकदा आखरीचं पाणी अंगावर पडलेली बाई, तिचा काय भरवसा? बारशाला तिला पाळण्याजवळ कुणी बोलवत नसे. ती गेलीच, तर पोराची आई पदर पुढं ओढून घ्यायची. केवळाबाईही तक्रार करत नसे. दर येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, शेतातली पूजा झाली की, ती आंबिलीचा डब्बा आणि भज्जी घेऊन निलंग्याला जोहराकडं यायची. जोहरा तिला अक्का म्हणायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. एकीनं दुसरीला मेलेली बघितलेलं असलं की बोलायला उरतं तरी काय.

पुढं चांदपाशा गेला. पोरगा यासेर लातूरला आला, ट्यूशन एरियात झेरॉक्सचं दुकान टाकलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात लोटत होती. कुणी इस्लापूरचं, कुणी धर्माबादचं. यासेरनं घरावर दोन खोल्या चढवल्या, वर पत्रे टाकले आणि शिकायला आलेल्या पोरींना भाड्यानं दिल्या. जोहराबी खालच्या खोलीत. येळवशीची आंबील आता लातूरला यायला लागली.

मग ज्या साली लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, त्या साली जोहराबीचं महिन्याचं, बंद होऊन जमाना झालेलं, पुन्हा सुरू झालं. तिनं कुणाला सांगितलं नाही. धुणं तिचं ती धुवायची. पण पाण्याचा असा दुष्काळ की घरात कुणी किती पाणी वापरलं हे सगळ्यांना ठाऊक. सून रुखसार तोंडाची तिखट, डोळ्याची त्याहून. तिनं एका सकाळी बादली अडवली आणि सासूला दवाखान्यात नेलं.

पंचाक्षरी डॉक्टरनं तपासण्या केल्या, तुकडा काढून पाठवला आणि समोर बसवून सांगितलं, “गर्भाशयाचा कॅन्सर आहे. पण लवकर सापडलाय. काढून टाकू. पोट फाडायचं नाही, दुर्बिणीनं करायचं. करंगळी जाईल न जाईल एवढी भोकं. पोटात हवा भरायची म्हणजे आत जागा होते. एका भोकातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं. पिशवी खालच्या वाटेनं बाहेर.”

“आन् मंग?”

“मग चालायचं. दुसऱ्या दिवसापासून. पडून राहिलात तर पायात रक्ताची गाठ धरते, ती वर छातीत गेली तर ऑपरेशन केलं काय, न केलं काय.”

जोहराबीनं मान हलवली. जिंदगीभर तिनं बाया धुतल्या होत्या. सिझेरच्या बाया, फाडून शिवलेल्या, पोटावर हातभर वळ असलेल्या. पोटातलं काही काढलं तर पोटावर लिहिलेलं असतं, हे तिला माहीत होतं. भोकातून माणसाचं आतलं निघतं, हे तिच्या डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. ती जागी झाली तेव्हा आधी कान जागे झाले. मग कळलं की हनुवटीखालून पट्टा गेलाय आणि नाकातोंडावर काहीतरी झाकलंय. पाय हलवायला गेली तर दोन्ही पाय मांडीपर्यंत पांढऱ्यात घट्ट बांधलेले. वर पांढरी चादर. औषधाचा वास नाकात गेला, तो तिला कापराचा वाटला. पापण्या उचलत नव्हत्या.

“उरक गं आरती,” कुणीतरी बाई म्हणाली. “हिला हलवायचंय.”

“झालंच. पाणी कोमट आणलंय.”

मग ओलं फडकं तिच्या अंगाला लागलं. चादर न काढता, चादरीखालून. आधी उजवा हात. मग उजवी कूस, उजवी मांडी. मग तिला कलती केली आणि डावीकडं. पाणी ना गार ना कढत, तिला लागलंच नाही. नेमकं जसं असायला पाहिजे तसं. पोटावर हात आला तो दाबल्यासारखा, हलका. तिचे स्वतःचे हात असेच चालायचे.

कानाशी मात्र कुणी वाकलं नाही. कुणी विचारलं नाही.

आरती सिस्टरनं उजवीकडून सुरुवात केली, कारण डाव्या हाताला सलाईन होतं. पाय बांधले होते ते रक्ताची गाठ धरू नये म्हणून घातलेले मोजे. हनुवटीखाली प्राणवायूच्या मास्कचा पट्टा. हे सगळं रुखसारनं नंतर कितीदा तरी सांगितलं. पण तेव्हा वॉर्डबॉय आला, त्यानं चादरीसकट तिला उचलली आणि म्हणाला, “हलकीच हाय की हो म्हातारी.” नेक बाईची मय्यत हलकी असते, असं लोक म्हणतात. जोहराबी मनात म्हणाली, बरं झालं, निदान हलकी तरी निघाले.

पुरतं भान आलं तेव्हा तिनं चादरीखाली हात घालून पोट चाचपलं. वळ नाही, शिवण नाही. चार ठिकाणी चिकटपट्टीचे तुकडे, मुंगळा चावावा तेवढे. पोटात काही दुखत नव्हतं. दुखत होते खांदे. दोन्ही. डॉक्टर म्हणाला, पोटात भरलेल्या हवेनं खांदे दुखतात, उतरेल. पण माणसाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात, बरं-वाईट लिहून घेत. माणूस संपला की त्यांचं काम संपलं. इतकी वर्षं बसलेलं कुणी उठून गेलं तर जागा दुखणारच, असं तिनं धरलं.

ती बोलत होती, लोक जवाब देत होते. त्यानंही काही ठरत नव्हतं. सासू म्हणायची, मेलेल्याला वाटतं आपण बोलून राहिलो. घरचे त्यांच्यात त्यांच्यात बोलतात, ह्याला वाटतं मलाच म्हणाले. चाळीसाव्या दिवसापर्यंत रूह घरातच फिरत असते, तिला कुणी सांगत नाही.

सिस्टरनं धरून उभी केली तेव्हा ती उभी राहिली, सोडली तशी बसली. “घरी गेल्यावर चालतील,” आरती म्हणाली. रिक्षातून घरी आणली आणि खालच्या खोलीत निजवली.

घरी तर सगळंच जुळून आलं.

वरच्या पोरींना रुखसारनं ताकीद दिली होती, आजीचं ऑपरेशन झालंय, जिन्यात पाय वाजवायचे न्हाईत. पोरी गुणाच्या. चपला सगळ्या खालीच, जोहराबीच्या दाराशी काढायला लागल्या. निजल्या जागेवरून तिला उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग दिसायचा. बायकांच्या चपला, एकमेकींवर पडलेल्या. अशा चपला कुठल्या घराबाहेर असतात, हे तिच्याहून कुणाला जास्त माहीत?

आणि पहाटेपासून वर घोकणं चालायचं. परीक्षा तोंडावर आलेली. सगळ्या पोरी एकदम, हळू आवाजात, एका लयीत, डोलत. शब्द इंग्रजी. खाली यायचा तो नुसता सूर, चढणारा, उतरणारा, मध्येच सगळ्यांचा एकदम श्वास. मय्यतीभोवती बाया कुराणातलं यासीन पढतात तो सूर. त्यातल्याही कितीजणींना शब्द कळतात?

गुरुवारी रुखसारनं घरात लोबान फिरवला, दर गुरुवारसारखा. आणि सासू काही खाईना म्हणून तिच्या आवडीचं केलं, खिचडी, चिंचेचा खट्टा, पापड. ताट उशाशी ठेवून गेली. लोबानाच्या धुरात आपल्या आवडीचं ताट, जवळ कुणी नाही. जोहराबी त्याच्याकडं बघत राहिली. मेलेल्याच्या नावानं ठेवलेलं फातेहाचं ताट असंच असतं.

तिनं पाणी घेणं कमी केलं. उठणं सोडूनच दिलं.

यासेर दुकान सोडून यायचा, पोटऱ्या दाबून बघायचा. एका दुपारी डावी पोटरी त्याला टणक लागली. डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाला, उद्या सकाळी आणा, आणि तोवर चालवा, कसंही करून. “अम्मा, पाय तरी हलव,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं. तिला वाटलं, पोरगं रडतंय, रडू द्यावं, रडलं की हलकं होतं.

रुखसारचा धीर संपला. “अम्मा, माझ्यावर राग हाय का? भांडा मंग. निसतं बघत काय पडून ऱ्हाता?”

त्याच दुपारी निलंग्याच्या एसटीनं केवळाबाई आली. तिला उशिरा कळलं होतं. बोचकं काखेत, डोईवर पदर. दारात आली, चपलांचा ढीग बघितला आणि तिथंच थबकली.

“अगं बया, कोण गेलं हितं?”

“काहीबी काय बोलता मावशी,” रुखसार धावली. “पोरींच्या चपला हायेत त्या.”

जोहराबीनं मान वळवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खरं विचारलं होतं.

केवळाबाई उशाशी बसली. रुखसारनं सगळं सांगितलं, पोटरी, गाठ, उद्या सकाळ, आणि सासूचं हे असलं. केवळाबाई म्हणाली, “जा बाई, चा टाक. मी बघते.” रुखसार गेली.

“केवळाक्का,” जोहराबी म्हणाली, “मला धुतलं.”

“कुणी?”

“दवाखान्यात. उजवीकडून. ऊन पाण्यानं, चादरीखालून. सगळं कायद्यानं.”

केवळाबाई हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“कुणी इचारलं न्हाई मला,” जोहराबी म्हणाली. “हायेस का म्हणून.”

“मलाबी तू कुठं इचारलंतंस? थेट पाणीच ओतलंस.”

“तवापासून इचारते की.”

“हाव, ते हाय.”

वर पोरींचा सूर चढला, उतरला. दोघी ऐकत राहिल्या.

“अक्का, तुझी खात्री कवा झाली? जिती हाईस म्हणून?”

केवळाबाईनं आपलं उजवं मनगट चोळलं. “झाली न्हाई अजून.”

जोहराबीनं तिच्याकडं नीट बघितलं. म्हातारी झाली होती केवळाबाई. केस पांढरे, पण कानाच्या पाळीत त्या दिवसाची माती अजून असावी असं वाटलं.

“रोज उठले की रांजणापाशी जाते,” केवळाबाई सांगायला लागली. “उजव्या मनगटावर पाणी घेते. गार लागलं की झालं, शेणाला लागते, भाकरीला लागते. मालकानं इचारलं पैल्यांदा, ह्ये काय खूळ. मंग इचारणं सोडलं.”

“आन् एखाद्या दिवशी न्हाई लागलं तर?”

“तर परत हातरुणावर जाऊन पडीन. तुला सांगावा येईलच की.”

“तू बोलतीस ते ऐकू येतंय मला. पण माझ्याशीच बोलतीस का, ते कळंना.”

“मला तरी काय म्हाईत. दोघीबी गेलो असलो तर आपलं आपल्यात चाललंय.” केवळाबाईनं गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. “चल. पाणी कुठं हाय तुमचं?”

“हितंच आण की तांब्यात.”

“न्हाई आणायची. मढ्याला पाणी आणून घालावं लागतं. जितं आपल्या पायानं जातं. उठ.”

जोहराबी उठली ती चालायला नव्हे, खात्री करायला. केवळाबाईनं हात दिला नाही, पण अंगाला लागून उभी राहिली. पहिलं पाऊल टाकलं तशी खोली एका बाजूला कलली. पोटातली हवा सरकली, खांद्यात कळ निघाली. उंबऱ्यातल्या चपला पायानं बाजूला सारत ती बाहेर आली. जिन्याच्या पायऱ्यांवर पोरी पुस्तकं घेऊन बसल्या होत्या. त्यांचं घोकणं एकदम थांबलं. सगळ्या बघत राहिल्या. एकीनं पाय आखडून घेतले, जशी वाट करून देतात.

अंगणात टँकरच्या पाण्याचा निळा ड्रम होता. भिंत धरत, थांबत, जोहराबी तिथवर गेली. केवळाबाईनं झाकण सरकवलं. जोहराबीनं बाही वर केली आणि उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्यात घातला.

काहीच लागलं नाही.

ना गार, ना ऊन. हात पाण्यात आहे हे डोळ्यांना दिसत होतं, एवढंच. तिनं हात हलवला. पाणी हललं. पुन्हा काही नाही. तिनं केवळाबाईकडं बघितलं. केवळाबाईनं आपलाही हात आत घातला आणि तिचं तोंड उतरत गेलं.

“मलाबी काय लागंना,” ती हळू म्हणाली.

दिवसभर उन्हात तापलेला ड्रम. दोघी म्हाताऱ्या त्यात हात घालून उभ्या. गल्लीत कुणी नव्हतं. कुत्रंही भुंकत नव्हतं.

जोहराबीनं हात बाहेर काढला. मनगटावरून थेंब कोपराकडं गेले. ती तशीच हात वर धरून राहिली, पुसायचं सुचलं नाही. आता काय, परत जाऊन पडायचं, एवढंच उरलं होतं.

मग बोळाच्या तोंडातून वारा आला. उन्हाळ्याचा, धुळीचा. ओल्या मनगटाला लागला आणि कातडी कुठंतरी आकसली. आधी पेरभर. मग हाताचा सगळा वरचा भाग.

“लागून राहिलंय काय?” केवळाबाईनं विचारलं. तिचाही हात वरच होता.

“थांब.”

“लागतंय का?”

“गार,” जोहराबी म्हणाली. “गार हाय गं.”

त्याबरोबर सगळंच आलं. चार भोकांच्या चार कळा, खांद्याची ओढ, पोटरीतला ठणका, आणि तहान. इतक्या दिवसांची तहान एकदम. तिनं ओंजळ ड्रममध्ये घातली आणि तोंडाकडं नेली. आतून रुखसार चहाची किटली घेऊन येत होती, ती ओरडली, “अम्मा, ते प्यायचं न्हाई ओ, वापरायचं हाय. पुन्हा दवाखान्यात न्यायचं का तुमाला?”

जोहराबीची ओंजळ तशीच राहिली. मेलेल्या बाईला असं कुणी दरडावत नाही. तिनं इतक्या घरी बघितलं होतं. तिथं सगळे गोडच बोलतात.

“ऐकू आलं का तुला?” केवळाबाई म्हणाली. “सून वरडली. आता परत चाल.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं पायाची सोनोग्राफी केली. गाठ धरायला लागली होती, लहान, अजून पायातच. रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली आणि चालायला लावलं. खोलीपासून ड्रमपर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग यासेरच्या दुकानापर्यंत. काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट आला तो बरा आला. आजार पिशवीच्या आतच होता, बाहेर पसरला नव्हता. तपासायला मात्र येत राहायचं. चार भोकांच्या जागी चार फिकट ठिपके राहिले. पोरींची परीक्षा झाली, त्या गेल्या, नव्या आल्या. त्या पाय वाजवत चढतात.

पावसाळा सरता सरता पहिलं बोलावणं आलं. दाराशी कुणीतरी उभं राहिलं, “खाला, चलता का जरा?” रुखसार नको म्हणत होती. जोहराबीनं पिशवी उचलली.

त्या घरी तिनं पाणी कोमट केलं, चादर नीट केली आणि मय्यतीच्या कानाशी वाकली. “बाई, हायेस का? असशील तर आत्ताच सांग.” पूर्वी ती जरा थांबायची. त्या दिवशी इतकी थांबली की मदतीला आलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग तिनं मय्यतीचा उजवा हात उचलला आणि आधी मनगटावर ओंजळभर गार पाणी टाकलं. वाट बघितली. मगच कोमट पाण्याचा तांब्या घेतला.

निलंग्याकडच्या त्या नव्या गावात केवळाबाई उठल्या उठल्या रांजणापाशी जाते. लातूरला जोहराबी ड्रमपाशी. मनगट भिजवते, हात वर धरते आणि बोळाकडं बघते. कधी वारा लगेच येतो. कधी येत नाही, पाणी तसंच वाळायला लागतं, काही लागत नाही. घरातून रुखसार हाक मारत असते, चहा निवतोय म्हणून. जोहराबी हात वर धरून तशीच उभी असते.